दांड्याची मूठ

हत्तीएवढ्या त्या चुंबकाची कॉइल मी स्वतःच्या हातांनी गुंडाळली होती. आज तिला नवा पॉवर सप्लाय जोडला, तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला. एवढ्या मोठ्या चुंबकाचा प्रवाह मध्येच तोडला, तर तो ठिणगी होऊन उसळतो आणि कॉइल जळते.

आमची जुनी रीत साधी होती. प्रवाह हळूहळू उतरवायचा, "शून्य!" म्हणून ओरडायचं, दांडा ओढून तारा पालटायच्या आणि मग उलट्या दिशेने चढवायचा. तीस वर्षं दांडा मीच ओढला. नवा सप्लाय मात्र न थांबता, दांड्याशिवाय आपोआप शून्य ओलांडतो, असं माझी इंजिनिअर पुतणी सांगत होती.

"काका, आज फक्त बघायचं. हात खिशात!"

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तिने बटण दाबलं. मीटरवरचा प्रवाहाचा काटा उतरू लागला. ऐंशी, चाळीस, दहा...

"शून्य!" मी ओरडलो आणि सवयीने हात दांड्याकडे झेपावला. तोवर काटा पलीकडे चढायलाही लागला होता; आता दांडा ओढला तर वाहता प्रवाहच तुटणार! पण हाताला काहीच लागलं नाही. दांड्याला मूठच नव्हती.

पुतणीने ती एप्रनच्या खिशातून काढून नाचवली. "सकाळीच काढून ठेवली. ओळखते ना मी तुम्हाला!"

काटा उणे ऐंशीवर जाऊन ऐटीत उभा राहिला. माझ्या कॉइलला ओरखडाही नाही!

"पोरी, परत एकदा कर!" मी म्हणालो आणि दोन्ही हात खिशात घातले.