मोजून घातलेली बुरशी

दमयंतीबाईंनी जन्मभर एकाच शत्रूशी वैर धरलं होतं, ते बुरशीशी. लोणचं म्हणू नका, पापड म्हणू नका, काही म्हणून त्यांनी तिच्या तोंडी पडू दिलं नाही. आणि सत्त्याऐंशी साली पोटच्या पोरीनं, सुलूनं, तीच बुरशी डब्यात घालून घरी आणली.

सुलू बोईसरला एका प्रयोगशाळेत कामाला होती. मोड आलेल्या शेंगदाण्यांवर एक पारखून घेतलेली, बिनविषारी बुरशी सोडायची. तिनं छळलं की दाणा जीव वाचवायला आतून औषधी गुण तयार करतो, असं सुलूचं म्हणणं. पण माघाच्या गारठ्यात बुरशी धरेचना, म्हणून घरच्या उबेत ठेवायला डबा घरी आला.

नेमके तेव्हाच दातिवऱ्याहून सुलूला बघायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं ‘पोरगी फार शिकलेली’ म्हणून परतली होती. हेही हातचं जाईल या धास्तीनं दमयंतीबाईंनी गुपचूप डबा उचलला आणि चुलीशेजारच्या तुसाच्या टोपलीत खुपसला. सुलूनं दोन दिवस घर पालथं घातलं. बाई आपल्या देवाच्या वाती वळत बसल्या.

पाहुणे आले. मुलगा प्रताप म्हणजे गरीब गाय, पण त्याची आई साखरबाई नाकावर माशी बसू न देणारी. पाण्याच्या निमित्तानं त्या थेट चुलीपाशी आल्या, तुसातून डोकावणारा डबा दिसला आणि त्यांनी तो उघडलाच. चुलीच्या उबेनं आत पिंजलेल्या कापसासारखी बुरशी फुलली होती. दमयंतीबाईंनी कपाळाला हात लावला. सुलू मात्र लाजणंबिजणं विसरून धावली आणि दाण्याची सगळी कथा सांगत सुटली.

साखरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मंजे सासूसारखंच हाय. जाच केल्याशिवाय सुनेला गुण येत नाय.”

सुलूचा चेहरा उतरला. दमयंतीबाईंना हे स्थळ हवं होतं, फार हवं होतं. पण तो चेहरा त्यांना बघवेना.

“हाय तसंच, विहीणबाई,” लग्न ठरायच्या आतच त्या म्हणून गेल्या. “पण बुरशी मोजून घालावी लागते. जास्त झाली तर दाणाच कुजतो. मंग गुण कुठला?”

दारात उभा असलेला प्रताप खाली मान घालून हसला. साखरबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा पदरानं पुसून सुलूच्या हातात दिला.

“पोरगी पसंत हाय,” त्या म्हणाल्या. “माप तिच्याच हाती ठेवू आमी.”