अंगी न लागलेलं अन्न

शिवणाच्या दुकानात काजं करायची ती आईनेच. मशीनवर मुलगी बसायची, पण हाताचंच काज हवं म्हणणारी गिऱ्हाइकं चाळीस वर्षं आईकडे येत होती. म्हणून पहिला शर्ट परत आला तेव्हा मुलीला वाटलं, नजर अधू झाली असेल. तिने आईचा चष्मा बदलून आणला. तरी टाके वाकडेच.

"हातमोजे घालून शिवतेय असं वाटतं गं," आई म्हणाली. "सुई लागतच नाही बोटाला."

"तुझी नाटकं पुरे," मुलगी खेकसली. शाळेचे शंभर गणवेश द्यायचे राहिले होते.

आई वाळत चालली. चेहरा पिवळट पडला, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झाली. मुलगी समोर बसून तिला दूध, अंडी खायला घालायची आणि वर टोमणा मारायची, "खाल्लेलं जातं तरी कुठे तुझं?" आई निमूट गिळायची. एका सकाळी तोंडाला साबण लावताना तिने डोळे मिटले आणि उभ्याची आडवी झाली.

रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली, जठराच्या अस्तराचे तुकडे काढले. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेनने शेजारी शेजारी बारीक नळ्या काढल्या.

"अस्तरात अशा लाखो ग्रंथी असतात. त्यांतल्या काही पेशी पाचक रस करतात, काही आम्ल. हे आम्ल करणाऱ्या पेशीच आणखी एक द्रव्य बनवतात. ते नसेल तर अन्नातलं बी-बारा शरीरात शिरत नाही. तुमच्या आईंच्या शरीराने स्वतःच्याच त्या पेशी शत्रू समजून मारल्या. आम्ही घेतलेल्या तुकड्यांत त्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत."

"मग ते दूध, ती अंडी..."

"पोटात गेली. त्यातलं बी-बारा अंगी लागलं नाही."

"हाताचं काय?"

"बी-बाराविना नसा झिजतात. इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतील. वर्षभरापूर्वी आला असतात तर..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं.

वर्षभरापूर्वीच तो पहिला शर्ट परत आला होता.

इंजेक्शनांनी चेहऱ्यावर रंग आला, जीभ बरी झाली. बोटं मात्र तशीच बधिर राहिली. आठ महिने झाले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यापुढे फारसा फरक पडायचा नाही.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी मशीन थांबवून म्हणाली, "आई, मी तुला नाही नाही ते बोलले."

"बोललीस खरी."

आई आणखी काही बोलेल म्हणून मुलगी थांबली. आई मशीनवरच्या कापडाकडे बघत होती.

"डावी बाही उजवीकडे लावलीयस," ती म्हणाली. "उसव ती."

मुलगी खाली मान घालून टाके उसवू लागली. दोरा तिला धड दिसत नव्हता.