डावीकडची सीट

"नाही!" ग्लेनिस ओरडली. "क्लिफ, नाही! थांब!"

तोवर क्लिफनं गाडी बाहेर काढली होती. ओंडके भरलेल्या लांबलचक ट्रकच्या बाजूनं ती छोटी हिरवी गाडी जीव खाऊन पळत होती आणि समोरून दुधाचा टँकर येत होता. टँकरवाल्यानं भोंग्यावरचा हात काढलाच नाही. शेवटच्या क्षणी क्लिफनं स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, ट्रकच्या पुढ्यात होती नव्हती त्या जागेत गाडी घुसवली, आणि टँकर ग्लेनिसच्या कोपराशेजारून सणसणत निघून गेला. गाडीचं टप उघडं होतं. त्या वाऱ्यानं तिच्या डोक्याचा रुमाल उडाला, तो फ्रान्सच्या कुठल्याशा शेतात कायमचा राहिला.

"गेलो ना पार!" क्लिफ म्हणाला. आवाज चिरकला होता, पण म्हणाला.

"गाडी थांबव."

"इथं कुठं थांबवू?"

"थांबव म्हणते ना. एवढं एक तरी ऐक."

बरंच पुढे अक्रोडाच्या झाडाखाली गाड्या थांबायला जागा होती. क्लिफनं गाडी तिथे घेतली. ग्लेनिस उतरली. उतरताना दार धरावं लागलं, आणि त्याचाही तिला राग आला. मग ते तिनं असं आपटलं की आतल्या काचेचा खुळखुळ आवाज झाला. त्या दारावर क्लिफनं दोन हिवाळे काम केलं होतं.

"हळू!" तो म्हणाला.

"दाराला हळू! आणि मला?"

गाडी इंग्लंडची, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. रस्ता फ्रान्सचा, म्हणून वाहतूकही उजवीकडून. पुढे ट्रक आला की चालवणाऱ्याला दिसतं ते फक्त ट्रकचं ढुंगण. पलीकडून काय येतंय ते दिसतं डावीकडे बसलेल्याला. त्यामुळे जुन्या गाड्या घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या इंग्रज जोडप्यांचा एक शिरस्ताच पडून गेलाय. नवरा विचारतो, "जाऊ?" बायको मान बाहेर काढून बघते आणि सांगते. हो म्हणाली तर जायचं, नाही म्हणाली तर मागे धूर खात बसायचं. त्यांच्या वॉल्सॉल गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात निघण्याआधी हे सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, आणि सगळ्यांत जोरात मान हलवली होती ती क्लिफनं.

मान हलवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जन्मभर त्यानं लोकांच्या घरचे गॅसचे बंब दुरुस्त केले आणि प्रत्येक घरच्या बाईचं म्हणणं मान हलवून ऐकून घेतलं. घरी आला की मानेला विश्रांती. सासूबाईंना आणायचं ठरलं ते ग्लेनिसला त्यांच्या ट्रंका दारात आल्यावर कळलं. आणि ही गाडी! शनिवार-रविवार तिच्याखाली उताणं पडायचं, आणि इकडे स्वयंपाकघराचं छत गळतंय ते गळतंयच. नाकापेक्षा मोती जड, पण हौसेपुढे कोण बोलणार? निवृत्त झालो की आल्प्स ओलांडून इटलीच्या तळ्यापर्यंत जाऊ, असं तो लग्नाच्या आधीपासून म्हणत होता. निघताना डिकीत पाण्याचा पंप गेला, पट्टे गेले, दोन डबे तेल गेलं, आणि ग्लेनिसच्या वाट्याला पायाशी ठेवण्यापुरती एक पिशवी आली. तीन आठवड्यांच्या प्रवासाला दोन स्वेटर!

ती पिशवी तिनं आता बाहेर ओढली.

"काय करतेस?"

"मागच्या गावात स्टेशन होतं. मी घरी जाते."

"वेड लागलंय का? काही झालं नाही ना आपल्याला?"

"मी नाही म्हटलं होतं."

"ग्लेन, एक कपभर चहा घे. थरमासात आहे. जरा शांत हो."

"चहा तुझ्या गाडीला पाज. मी नाही म्हटलं होतं की नव्हतं?"

क्लिफनं खिशातून फडकं काढलं आणि आरशावरचा एक किडा पुसायला घेतला. अडचणीत आला की तो काहीतरी पुसायचा. "म्हणालीस," तो म्हणाला. "पण तू काय, नाहीच म्हणतेस. सकाळपासून नाही, नाही, नाही. मला वाटलं, घाबरलीस."

हे ऐकलं आणि ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

"घाबरले? मी बघून नाही म्हणते, क्लिफ! डोळ्यांनी बघून! तुला दिसत नाही म्हणून तर मला इथं बसवलंयस ना? की वजनाला बसवलंयस?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मोटरसायकलच्या वेळीही मी घाबरलेच होते ना?"

फडकं थांबलं.

त्यांचा मुलगा डंकन सतरा वर्षांचा झाला तेव्हाची ही गोष्ट. ग्लेनिस नको म्हणाली होती. हा पोरगा वळणावर वेग कमी करत नाही, मी सायकलवर बघितलंय, असं तिनं साफ सांगितलं होतं. बाप म्हणाला, आई घाबरते, तू चल. वाढदिवसाला मोटरसायकल दारात आली. पानं गळायच्या आत डंकन इस्पितळात होता. आता तो डडलीत गालिचे विकतो, दोन लेकरांचा बाप आहे, आणि उजवा पाय ओढत चालतो. ग्लेनिस तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. फोन आला तेव्हा तिचे हात पिठात होते, आणि ती तशीच पिठाच्या हातांनी धावली होती. त्यानंतर "मी सांगितलं होतं" हे शब्द तिनं एकदाही उच्चारले नाहीत. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, काय मोठं मन आहे हिचं! मन कसलं मोठं? मूग गिळले होते नुसते, आणि ते इतकी वर्षं पोटात तसेच होते.

"ते काढू नकोस," क्लिफ म्हणाला.

"काढणार. मी सांगितलं होतं. ऐकलंस? मी तुला सांगितलं होतं! माझ्या पोराचा पाय गेला, आणि मी तुला एका शब्दानं बोलले नाही. उलट तूच रात्री रडायचास आणि मी तुझी पाठ थोपटायचे. माझी चूक झाली. तेव्हाच तुझं डोकं फोडायला हवं होतं."

रस्त्यावरून तो ओंडक्यांचा ट्रक धडधडत गेला. आत्ता आला. एवढा आटापिटा ज्याच्यासाठी केला, तो सावकाश पुढे निघून गेला.

गाडीतली वॉकीटॉकी खरखरली. पुढच्या पाच गाड्यांचा म्होरक्या गॉडफ्री, एका बँकेचा निवृत्त मॅनेजर, सकाळपासून असाच मधूनमधून बरळत होता. "क्लिफर्ड, अरे बाबा, आहेस कुठं? आमची कॉफी संपत आली. ग्लेनिसनं नकाशा उलटा धरला की काय?" मागे चारपाच जणांचं हसू ऐकू आलं. "की तुझ्या म्हातारीला ढकलायला माणसं पाठवू? गाडीबद्दल विचारतोय हं!"

असंच पंधरा मिनिटांपूर्वीही म्हणाला होता. त्या हसण्यापायीच क्लिफनं गाडी बाहेर काढली होती, हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं. तिनं आत वाकून वॉकीटॉकी उचलली.

"गॉडफ्री, मी ग्लेनिस. नकाशा सरळ आहे. तू तोंड मिट."

पलीकडे हसू बंद झालं. मग एका बाईचा, बहुधा गॉडफ्रीच्याच बायकोचा, खुसखुसण्याचा आवाज आला आणि तोही तुटला.

ग्लेनिसनं पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली. राग आला की माणसाला वजन लागत नाही म्हणतात, पण पिशवी चांगलीच जड होती. अक्रोडाची सावली संपली. ऊन सपाटून लागलं. आपल्याला फ्रेंच येत नाही, स्टेशनला काय म्हणतात हेही माहीत नाही, हे तिच्या लक्षात आलं, पण पाय थांबले नाहीत. परत गेलो तर जन्मभर वजनालाच बसायचं, हे तिला त्या उन्हात लख्ख कळत होतं. स्टेशन गाठलं तर पुढे काय, ते कळत नव्हतं. तरी चालत होती.

मागून बुटांचा आवाज आला. क्लिफला गुडघ्यांमुळे पळता येत नाही. तो तसाच फेंगडा फेंगडा पळत आला आणि तिच्यापुढे उभा राहून धापा टाकू लागला. चेहरा लाल झाला होता.

"चल," तो म्हणाला.

"कशाला?"

त्यानं गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. माफी मागणं या माणसाच्या तोंडाला कधी जमलंच नव्हतं. शब्द दाराशी येऊन अडून राहत.

"टँकर मला दिसलाच नाही," शेवटी तो म्हणाला. "बाहेर काढेपर्यंत दिसलाच नाही गं."

"दिसणार नव्हताच."

"हो." त्यानं तोंडावरचा घाम पुसला. "डंकनचंही... तू बघितलं होतंस. मला माहितेय. तेव्हापासून माहितेय."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं खिशातलं फडकं काढलं, पण तिथं पुसायला काही नव्हतं. ग्लेनिसला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आपल्याला रडू येईल, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट नवीनच राग आला, की याला माहीत होतं, आणि यानं आपल्याला एवढी वर्षं भित्री ठरवून ठेवलं. त्यानं पिशवीला हात लावला तेव्हा तिनं ती सोडली, इतकंच.

गाडीत बसल्यावर क्लिफनं वॉकीटॉकी बंद करून कप्प्यात टाकली. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. एरवी तो स्वतःशीच खूश होऊन गाडीला शाबासकी द्यायचा. आज त्यानं दिली नाही.

जरा पुढे गेल्यावर त्यांना ट्रॅक्टर लागला. मागे पेंढ्याच्या गठ्ठ्यांचा उंच डोलारा, आणि बैलगाडीला लाजवेल अशी चाल. क्लिफनं वेग कमी केला. वाऱ्यानं पेंढ्याच्या काड्या उडून त्याच्या टोपीवर आणि हिरव्या बॉनेटवर पडू लागल्या.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

समोरून एक गाडी येत होती. "नाही."

गाडी गेली. मागे तीनचार वाहनं साचली होती. एकानं भोंगा वाजवला. जेवणाची वेळ झाली होती. पुढच्या गावात गॉडफ्रीची मंडळी टेबल अडवून बसली असणार, आणि तिथली हॉटेलं दुपारी उशिरा येणाऱ्याला बशीसुद्धा दाखवत नाहीत.

"जाऊ?"

ग्लेनिसनं मान बाहेर काढली. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे मका होता, आणि पार दूरच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत समोरून चिटपाखरू येत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

क्लिफ मागेच राहिला. मागचा भोंगेवाला वैतागून दोघांनाही ओलांडून गेला आणि जाताना त्यानं हातवारे करून काहीतरी सुनावलं. क्लिफनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मग रस्ता उजवीकडे वळला, आणि त्या वळणावर, कडेला बसलेल्या चालवणाऱ्यालाही ट्रॅक्टरच्या पलीकडचं सगळं दिसलं. मोकळा रस्ता, लांबच लांब. ग्लेनिस त्याच्या हाताकडे बघत होती. हात गिअरच्या दांड्यावर होता.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

"नाही."

क्लिफनं गिअर खाली घेतला आणि तसाच ट्रॅक्टरच्या मागे राहिला.