माझ्यातलं खोबरेल तेल

मी एक जुनी लष्करी रायफल आहे. मित्रांनो, माझ्या एका आवाजाने साम्राज्यं हादरली असती. पण मी कारखान्यातून बाहेर पडले आणि महिन्याभरात लढाईच संपली.

पुढे साहेब लोकांनी ठरवलं, की हिला साध्या माणसांच्या हाती द्यायचं तर आधी नखं काढा. माझ्या नळीत गोळीला गिरकी देणाऱ्या सुरेख खाचा होत्या. त्या खरवडून नळी गुळगुळीत केली. मैलभर जाणारी गोळी गेली आणि चाळीस पावलांत दमणारे छर्रे आले. अशी मी कोल्हारला, रंगनाथच्या वडिलांकडे, पिकाच्या राखणीला लागले.

आता मालक रंगनाथ. निवडणूक आली, की मला पोलीस ठाण्यात जमा करतात. निवडणुका किती असतात, ते तुम्हाला सांगायला नको. दसऱ्याला घरी असले, तर पाटावर बसवून हळदकुंकू लावतात आणि रंगनाथ माझ्या सांध्यासांध्यांत, काडतूस आत सारणाऱ्या बोल्टातसुद्धा, खोबरेल ओततो. दुकानदाराने बंदुकीचं तेल घ्यायला दोनदा सांगितलं. "देवाला चालतं, मग हिला काय धाड भरली?" हे रंगनाथचं उत्तर.

यंदा पौषात कडाक्याची थंडी पडली. दिवस मावळताना बिबट्या उसातून थेट गोठ्याशी आला. आत कालवड बांधलेली. रंगनाथच्या आईने, कडूबाईंनी, ती बाटलीने दूध पाजून वाढवलेली. हवेत एक बार काढला की काम होणार होतं. रंगनाथने मला खुंटीवरून ओढलं. इतक्या वर्षांनी माझी वेळ आली होती!

"आये, बोल्ट सरकंना! त्याल गोठलंय!"

"डोक्याचं त्याल बंदुकीला लावतंय येडं! मग काय हुनार?"

"चुलीपाशी धरू का जरा?"

"तवर त्यो जेवून जाईल. हो बाजूला!"

कडूबाईंनी पितळी परात उचलली आणि उलथन्याने अशी बडवली, की बिबट्या बांध ओलांडून उसात पळाला. कालवड वाचली. मी रंगनाथच्या हातात तशीच, मुकी.

सकाळी शेजारचे वैजनाथ येऊन म्हणाले, "रंगनाथराव, परवाना परातीच्या नावावर करून घ्या." सगळे हसले. कालवडसुद्धा हंबरली. येत्या दसऱ्याला पाटावर माझ्याशेजारी परात मांडणार आहेत, असं कानावर आलंय.

मित्रांनो, साधनांची निगा कशी राखावी, यावर मी चार शब्द सांगणार होते. पण राहू द्या. रंगनाथला एवढाच निरोप द्या: खोबरेल ओतायचंच असेल, तर थंडीत मला तासभर उन्हात ठेव.