ज्याचा त्याचा ग्लास

साडू दुकानात आले तेव्हा मी एका किराणावाल्याचा काटा उघडून बसलो होतो. मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकान अरुंद आहे. आत आलं की पहिलं पाऊल मोठ्या वजनकाट्याच्या फळीवरच पडतं, त्यामुळे येणारा माणूस आधी तिथे उभा राहतो आणि मग बोलतो. साडूही तिथेच उभे राहिले. बोलले मात्र नाहीत. मी वर पाहिलं तर तबकडीवरचा काटा थरथरत होता. काट्यात दोष नव्हता, आदल्याच दिवशी मी तो वजनं टाकून नीट लावला होता. म्हणजे थरथरत होते ते साडू.

“काय झालं?” मी विचारलं.

“चला. आमच्या घरी चला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आलो.”

माझी बायको बहिणीकडे राहायला गेली होती. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मेहुणी चहाला हाक मारायला गेली तेव्हा कळलं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी हातातले स्क्रू डबीत टाकले, दुकान बंद केलं आणि साडूंच्या मागे निघालो. किराणावाल्याचा काटा बरेच दिवस तसाच उघडा पडून होता.

हे हिवाळ्यातलं. सांगायचं आहे ते उन्हाळ्यातलं.

आमच्या गच्चीत पत्र्याच्या दोन जुन्या पिंपांत मोगरा लावलेला आहे. उन्हाळा चढला की तो असा फुलतो की खालच्या मजल्यापर्यंत वास जातो. तो भरात आला की बायको एक पेय करायची. मोगरा मुरवलेला साखरेचा पाक, लिंबू, जिन, भरपूर बर्फ आणि वरून सोडा. बाहेर लोक त्याला कॉकटेल म्हणतील. आमच्या घरात त्याला नुसतं ‘मोगऱ्याचं’ म्हणत. “यंदा मोगऱ्याचं कधी?” असं मेहुणी महिनाभर आधीपासून विचारायची.

त्या संध्याकाळी गच्चीत ठरलेली माणसं असत. साडू, मेहुणी, खालच्या मजल्यावर राहणारी नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणतात, आणि नोकरीच्या गावाहून सुट्टी काढून आलेली आमची लेक. बायको आत ग्लास भरायची आणि ज्याच्या त्याच्या हातात आणून द्यायची. ग्लास सगळे वेगवेगळे. साडूंचा हिरवा, मेहुणीचा उंच दांडीचा, सिस्टरचा फुलं काढलेला, लेकीचा लांबुळका आणि माझा जाड बुडाचा. ती स्वतः कान तुटलेल्या कपातून प्यायची.

“एक सेट घेऊन टाकू,” मी दरवर्षी म्हणायचो.

“सेट आणलात तर माझं काम वाढेल,” ती म्हणायची.

मला वाटायचं, ती धुण्याबद्दल बोलते आहे.

या वर्षी कळ्या दिसायला लागल्या आणि मेहुणीचा फोन आला. “भावोजी, यंदा मोगऱ्याचं आमच्याकडेच करू या. फुलांचं तयार सरबत मिळतं बाटलीत, त्यात जिन ओतली की झालं. आणि आता दरवर्षी आमच्याकडेच. तुम्ही एकटे कुठे उस्तवार करत बसणार?”

“मोगरा माझ्या गच्चीत आहे.”

“फुलं पिशवीत घालून आणता येतात.”

“पिंपं येत नाहीत.”

“अहो, पण करणार कोण?”

“मी.”

ती हसली. “तुम्ही? ताई म्हणायची, यांनी पाणी तापत ठेवलं तर तेसुद्धा करपेल.”

“यंदा इथेच. चव जमली नाही तर पुढल्या वर्षीपासून तुमच्याकडे. मी चकार शब्द काढणार नाही.”

“बघा हं, शब्द दिलात.”

“दिला.”

मी उगीच बोललो नव्हतो. ती संध्याकाळ मेहुणीच्या घरी गेली असती, तर लेकीची सुट्टीही तिकडेच गेली असती. मग गच्चीत मी आणि दोन पिंपं. आणि मला खात्री होती की मला जमेल. उघडलेली वस्तू पुन्हा जोडण्यातच माझा जन्म गेला आहे.

पहिला पाक बिघडला. मी फुलं साखरेबरोबर उकळली. घरभर उकडलेल्या पाल्याचा वास सुटला. तो मोरीत ओतला आणि खुर्चीत बसून नीट आठवलं. तिने मला कृती कधी सांगितली नव्हती, पण कळ्या तोडताना पाटी धरायला मीच असायचो, आणि नंतर चहा मिळेल का म्हणून ओट्याजवळ घुटमळायचोही मीच. ती फुलं घालायची तेव्हा शेगडी बंद असायची. पातेल्याला हात लावून बघायची आणि मगच घालायची. म्हणजे मोगरा तापवायचा नसतो.

दुसऱ्या वेळी गार पाकात फुलं घातली, पण काढायला उशीर केला. पाक कडू झाला. तिसऱ्या वेळी दिवस मावळताना टपोऱ्या कळ्या तोडल्या, हिरवे देठ खुडून टाकले, गार पाकात रात्रभर झाकून ठेवल्या आणि उठल्या उठल्या गाळून घेतल्या. झाकण काढलं आणि मी एक पाऊल मागे सरलो. ती ओट्याशी उभी असल्यासारखं वाटलं. मग पाक बाटलीत भरला आणि दुकानात गेलो.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. मी मापाचा माणूस. किलो म्हणजे किलो, मग तोलणारा कोणी का असेना. सोनाराचा बारीक काटा दुरुस्तीला आला होता. त्यावर पाक, लिंबाचा रस, जिन, सगळं तोलून तोलून पाहिलं. थोडं वाढव, थोडं काढ, असं करत एक प्रमाण पक्कं केलं. चव गोल लागत होती. कुठलीच गोष्ट वर डोकं काढत नव्हती.

लेक आली त्या दुपारी तिला चमचाभर दिलं.

“बाबा, मस्त झालंय.”

“आईसारखं?”

“मस्त झालंय,” ती पुन्हा म्हणाली.

लेक आईवर गेली आहे. खोटं बोलायचं नसलं की तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणते. पण माझा माझ्या काट्यावर विश्वास होता. मी सगळं मोठ्या पातेल्यात कालवलं, त्यातून पाच ग्लास एकसारखे भरले, सोडा घातला आणि ट्रे घेऊन गच्चीत गेलो. ऊन उतरलं होतं, फरशी अजून गरम होती. हिरवा ग्लास साडूंना, दांडीचा मेहुणीला, ज्याचा त्याला दिला.

सगळ्यांनी एक घोट घेतला. मग सगळ्यांनाच एकदम मोगऱ्याच्या पिंपांमध्ये रस वाटायला लागला.

“बोला की,” मी म्हणालो.

“छान आहे,” सिस्टर म्हणाली. “अगदी दुकानात मिळतं तसं.”

“चांगलं म्हणतेस की वाईट?”

मेहुणीने ग्लास कठड्यावर ठेवला. “भावोजी, वास अगदी ताईचा आहे. खरंच. पण चव नाही हो ती. ताई गोड करायची. जिभेवर रेंगाळायचं.”

“गोड?” साडू म्हणाले. “काय बोलतेस! तिचं आंबट असायचं. डोळे मिटायला लावणारं. इथे लिंबू कमी पडलंय, साडूबुवा.”

“आंबट कधीच नव्हतं.”

“तुला सर्दी असायची.”

“दरवर्षी?”

“भांडू नका,” सिस्टर म्हणाली. “यात मीठ नाहीये, एवढंच. वहिनी चिमूटभर मीठ घालायच्या.”

आता ते दोघेही तिच्याकडे बघायला लागले. “मीठ? सिस्टर, हे सलाईन नाही,” साडू म्हणाले.

मी ऐकत उभा होतो. एकाच मालाची तीन गिऱ्हाइकं तीन वजनं सांगायला लागली, की दोष बहुधा गिऱ्हाइकात असतो, असं माझा धंदा सांगतो. मी तसं म्हणणारही होतो. तेवढ्यात साडूंनी दुसरा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आणि हे कडू कशाने लागतंय? तिचं कडू कधी लागलं नाही मला.”

सिस्टरने कपाळावर हात मारला. “भाऊ, यांच्या ग्लासात जिन घातलीत?”

“सगळ्यांच्या घातली. मापात.”

“ठेवा तो खाली,” ती साडूंना म्हणाली. “तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या सुरू झाल्या तेव्हापासून वहिनींनी तुमच्या ग्लासात थेंब घातलेला नाही. मला विचारून गेल्या होत्या. जिनच्या जागी लिंबू.”

साडूंनी ग्लास खाली ठेवला. तोंड उघडंच होतं. “मग मी दरवर्षी चढली म्हणून गात होतो ते?”

“ते तुमचं स्वतःचंच,” मेहुणी म्हणाली.

लेक एवढी हसली की तिला बसावं लागलं. मलाही हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं. आणि हसता हसता ते सेटचं आठवलं. सेट आणलात तर माझं काम वाढेल. एकसारख्या पाच ग्लासांमध्ये कुठला कोणाचा, हे तिला कसं कळलं असतं?

मोगऱ्याचं असं एक पेय नव्हतंच मुळी. ती पाच करत होती. आम्ही सगळे इतकी वर्षं एका गच्चीत बसून वेगवेगळं पीत होतो आणि ‘यंदा फक्कड जमलंय’ म्हणून एकमेकांना माना डोलावत होतो. मी मात्र सोनाराच्या काट्यावर सगळ्यांची सरासरी काढून बसलो होतो.

“ट्रेमध्ये ठेवा परत,” मी म्हणालो. “चला आत. एकेकाने ओट्याशी यायचं.”

“आता काय परीक्षा?” मेहुणी म्हणाली.

“परीक्षा माझी. तुम्ही फक्त चव सांगायची.”

काटा लावताना आम्ही एकदम वजन टाकत नाही. थोडं टाकायचं, थांबायचं, काटा काय म्हणतो ते बघायचं. माणसंही तशीच लावता येतात. साडूंचा ग्लास धुऊन घेतला. पाक, बर्फ, लिंबू, सोडा. त्यांनी चाखलं. “अजून.” आणखी लिंबू पिळलं. “अजून.” माझ्याच दातांना कळ यायला लागली. मग त्यांनी डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. “हेच,” ते म्हणाले.

सिस्टरला मीठ घातलं. चिमटीत धरलं ते तिने अर्धं परत डबीत टाकायला लावलं. लेकीचा लांबुळका ग्लास जवळजवळ सोड्यानेच भरला. जिन ओतायला लागलो तर तिने चमचा पुढे धरला. “एवढीच घालायची आई. आणि वर म्हणायची, पूर्ण पेग घातलाय, जपून पी.”

मेहुणी शेवटी आली. तिला मी पाक घालत गेलो, ती मान हलवत गेली. पातेल्यातलं माझं माप केव्हाच मागे पडलं.

“एवढं गोड?” मी विचारलं.

“लहानपणी घरात साखर मोजून असायची. ताई तिच्या वाटची मला द्यायची,” ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून तिने अर्धा ग्लास संपवला. वळली तेव्हा आवाज नेहमीचा होता. “तुमचा फ्रिज मेला धड बर्फ करत नाही. पुढल्या वर्षी बर्फ मी घेऊन येईन.”

“इथे?”

“मग काय बर्फ माझ्याच घरी ठेवू?”

साडू गच्चीत गायला लागले होते. खालच्या गल्लीतून कोणीतरी शिट्टी मारली, तसा त्यांनी आवाज वाढवला.

“बाबा, तुमचा?” लेक म्हणाली.

जाड बुडाचा ग्लास तेवढा राहिला होता. मी बर्फ घातला, पाक घातला, आणि हात थांबला.

“तुमचं कसं असायचं?”

“छान असायचं.”

“म्हणजे कसं? गोड? आंबट?”

मला सांगता येईना. मेहुणीला विचारलं, सिस्टरला विचारलं. त्यांना काय माहीत? माझ्या ग्लासातून दुसरं कोणी कधी प्यायलं नव्हतं. त्यात काय घालायचं हे तिला एकटीला ठाऊक होतं. लेकीने साडूंचं करून दिलं, ते नव्हतं. मेहुणीचं नव्हतं. मीठ घातलं, तेही नव्हतं. पातेल्यातलं माझं स्वतःचं तर नव्हतंच. आणि तरी मला पक्कं माहीत आहे की बरोबर लागलं की मला लगेच ओळखू येईल.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. जाताना सांगून गेली की पुढल्या उन्हाळ्याची रजा आत्ताच टाकते आहे. मोगऱ्याला अजून कळ्या येताहेत. फ्रिजमध्ये पाकाची बाटली आहे, ओट्यावर लिंबं आहेत. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की एक ग्लास करून बघतो. काल थोडं आलं किसून घातलं होतं, तेही नव्हतं.

चौघांचे ग्लास लागले. माझा अजून लागायचा आहे.