श्वासाचा रकाना

वॉर्डात तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि मनातून ते आवडायचंही. छातीवर उलटं लटकवलेलं घड्याळ हातात धरून ती पेशंटच्या पोटाकडे बघत पुरं एक मिनिट उभी राहायची आणि श्वास मोजायची. बाकीच्या सिस्टरांना खासगीत विचारलंत तर त्या सांगतील, की तक्त्यातला ताप खरा असतो, नाडी खरी असते, दाब खरा असतो, आणि श्वासाच्या रकान्यात वीस असतो. म्हातारीचा वीस, तरणीचा वीस, घोरत पडलेलीचाही वीस. तापाला यंत्र आहे, दाबाला यंत्र आहे. श्वासाला बिचाऱ्याला काही नाही, त्याच्यासाठी नुसतं थांबावं लागतं. आणि चौतीस खाटांच्या वॉर्डात थांबायला कोणाला सवड आहे?

घड्याळबाई नव्या मुलींना बजावून सांगायची, "माणूस बिघडायला लागला की श्वास आधी चुगली करतो. दाब शेवटपर्यंत साळसूदपणाचं सोंग आणतो." बावीस वर्षं तिने हा हेका सोडला नाही. तिच्या हातून न मोजता वीस लिहिला गेला तो एकदाच, अकरा नंबरच्या खाटेवर.

अकरा नंबरला काकू होत्या. नवरा टेलर, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर कपडे शिवायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं काकूंकडे होतं. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. आतड्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी अख्ख्या वॉर्डाची वंशावळ काढली होती. 'घड्याळबाई' हे नाव सिस्टरच्या तोंडावर उच्चारणाऱ्याही त्याच पहिल्या. मास्तर मात्र अबोल. गळ्यातला टेप काढायचा विसरून तसेच दवाखान्यात यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे.

तो ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. दोन सिस्टर आल्याच नव्हत्या, म्हणजे चौघींचं काम दोघींच्या गळ्यात. चार नंबरच्या बाईला रक्ताची उलटी झाली, तिच्यापायी सगळ्यांची तारांबळ. दुपारी दोनच्या राउंडला घड्याळबाई अकरा नंबरपाशी पोचली तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडत होते. ताप थोडासा, दाब ठीक.

"आज माझे... नाही का मोजायचे?" काकूंनी विचारलं.

"एवढं बोलताय म्हणजे भाता जोरात चाललाय की तुमचा," ती हसून म्हणाली. काकूही हसल्या. तिने रकान्यात वीस लिहिला आणि बारा नंबरकडे वळली. काकू दोन-दोन शब्दांनी थांबून बोलत होत्या, हे तिच्या कानांनी ऐकलं होतं. डोक्यापर्यंत पोचलं नाही.

थोड्या वेळाने मास्तर दारात घुटमळताना दिसले. शाळेच्या गणवेशांची घाई होती. "सिस्टर, दुकानात जाऊन आलो तर चालेल? तिचं ठीक आहे ना?"

"निवांत जा, मास्तर. मी आहे."

मास्तरांना आणखी काही बोलायचं होतं. पण चार नंबरवरून हाक आली आणि ती धावली.

सहाला ती पुन्हा अकरा नंबरवर आली. काकू गप्प होत्या. पोट फळीसारखं ताठ, अंग गार, डोळे अर्धवट मिटलेले. त्या वेळी तिने मोजले, चाळीसच्या वर गेले. दाब कोसळला होता. आतड्याचा आतला टाका सुटला होता आणि पोटात विष पसरलं होतं. डॉक्टरांनी तासाभरात पुन्हा ऑपरेशनला घेतलं. मास्तर पोचले तेव्हा थिएटरचं दार लागलं होतं. काकू नंतर शुद्धीवर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेल्या. एवढ्या बोलक्या बाईचा नवऱ्याला शेवटचा एक शब्दसुद्धा मिळाला नाही.

घड्याळबाई ड्यूटीच्या आधीच आली. इन्चार्ज सिस्टर काकूंची फाईल चाळत होत्या. "तक्ता स्वच्छ आहे. दोनला सगळं नॉर्मल. कोणी बोट दाखवू शकत नाही."

"तो वीस मी मोजलेला नाही."

इन्चार्ज सिस्टरांनी उठून दार लोटलं. "हे मी ऐकलेलं नाही. दोघींवर वॉर्ड टाकणाऱ्यांनी हात वर केलेत, आणि तू कशाला मान पुढे करतेस? बावीस वर्षांची नोकरी आहे तुझी. मोजले असतेस तरी त्या वाचल्या असत्या, असं डॉक्टर तरी छातीठोक सांगतायत का?"

डॉक्टर खरंच तसं सांगत नव्हते. चार तास आधी कळलं असतं तर कदाचित, एवढंच म्हणाले होते. ते 'कदाचित' ऐकून तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची शिसारीही आली होती.

मास्तर पॅसेजमधल्या बाकावर कागदांची वाट बघत बसले होते. मांडीवर काकूंची पिशवी, वर त्यांचा चष्मा. ती शेजारी जाऊन बसली. काय बोलायचं ते घोकून आली होती, पण तेच आधी बोलले.

"सिस्टर, एक विचारू? आत घेतलेला श्वास आणि बाहेर सोडलेला, दोन वेगळे मोजतात का?"

"नाही. दोन्ही मिळून एक."

"मीही तसेच मोजले." ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. "तुमचं बघून बघून शिकलो होतो. काल मी आलो तेव्हा तुम्ही पुढे गेला होतात. म्हणून मीच मोजले, भिंतीवरच्या घड्याळावर. बत्तीस आले. तक्त्यात बघितलं तर वीस. म्हटलं, घड्याळबाई काय चुकायच्या? आपल्यालाच कळत नसेल. म्हणून गेलो. आयुष्यभर मापं घेतली मी. हिचंच एक चुकलं. माझ्या मोजण्यात काय चुकलं असेल, सिस्टर?"

रात्रभर तिला वाटत होतं की मास्तरांना काहीच माहीत नाही. त्यांना तर तिच्याआधी कळलं होतं, आणि तिच्या आकड्याने ते खोडलं होतं. उत्तर तिच्या जिभेवर तयारही होतं. बोलताना श्वास वाढतो, मास्तर, तुम्ही मोजले तेव्हा काकू बोलत असतील. कुठल्याही पुस्तकात सापडेल असं उत्तर. मास्तरांनी मान हलवली असती आणि ती चूक जन्मभर स्वतःच्या पदरात बांधून घरी नेली असती.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "बत्तीसच होते. मी मोजलेच नव्हते. तो वीस मी असाच लिहिला. काकू मला म्हणाल्या होत्या, माझे मोजा म्हणून. मी थट्टेवारी नेलं."

मास्तर ओरडले असते, अंगावर धावून आले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग मी थांबलो असतो."

त्यांनी काकूंचा चष्मा पिशवीत ठेवला. "माफ करा" म्हणायचं तिने घोकलं होतं, पण ते मागायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.

ती वॉर्डात गेली. इन्चार्ज सिस्टर बघत असताना तिने फाईल उघडली. वीसला हात लावला नाही. खाली आजची तारीख आणि वेळ घालून लिहिलं: 'काल दुपारी दोनचा श्वास मी मोजलेला नव्हता, वीस हा आकडा अंदाजाने लिहिला. पेशंटच्या पतींनी त्याच सुमारास पूर्ण मिनिट मोजला, बत्तीस.' खाली सही केली. इन्चार्ज सिस्टरांनी फाईल ओढून ते वाचलं. मग म्हणाल्या, "आता हे मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा," ती म्हणाली.

अकरा नंबरला नवी चादर घालून नवी बाई आणली होती. दोनच्या राउंडची वेळ झाली होती. घड्याळबाईने घड्याळ हातात धरलं, बाईच्या पोटाकडे बघत मोजायला लागली. एकोणीसपर्यंत आली आणि काटा दिसेनासा झाला.

"काय झालं, सिस्टर?" बाईने घाबरून विचारलं.

"काही नाही. माझा आकडा चुकला," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.