इल्माचा शेवट

प्रभूची नजर एका दिवसात गेली नाही. आधी कळपाच्या कडेची मेंढरं दिसेनाशी झाली, मग समोरची. चाळिशी ओलांडेपर्यंत उजवा डोळा पार विझला आणि डाव्यात तेवढा अंधूक उजेड राहिला. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला त्याचं घर. मेंढरं भावाकडं गेली. प्रभूच्या वाट्याला ओसरी, खाट आणि मोबाइल आला.

त्या मोबाइलनंच त्याला सावरलं, असं भीमराजला वाटायचं. भीमराज हिंगोलीत शाळेवर इंग्रजी शिकवायचा. दोघं औंढ्याच्या वसतिगृहात एका खोलीत वाढलेले. तिथल्या टीव्हीवर दर रविवारी हिंदीतून ‘दूर का जहाज’ लागायचं. ताऱ्यांमधून भटकणारं जुनाट जहाज, त्याचा कप्तान, आणि घरदार सोडून त्याच्यासोबत निघालेलं एखादं साधंसुधं माणूस. कप्तान तोच राहायचा, सोबती बदलायचे. बाकीची पोरं कप्तानाची नक्कल करत. प्रभू मात्र सोबत्यांच्या बाजूचा.

“कप्तानाला सगळं ठावं असतंय,” तो म्हणायचा. “सोबतचं माणूस भितंय, तरी जातंय. खरी हिंमत त्याची.”

इतक्या वर्षांनी ती मालिका नव्यानं आली, पण मोबाइलवर आणि नुसती इंग्रजीत. मग दर शनिवारी भीमराज मोटरसायकल काढून सिद्धेश्वरला येऊ लागला. प्रभूच्या खाटेवर बसून भाग लावायचा, खालची अक्षरं वाचून मराठीत सांगायचा, पडद्यावर काय चाललंय तेही सांगायचा. या खेपेची सोबती होती इल्मा, पाव भाजणाऱ्या भट्टीवर काम करणारी बाई. प्रभूचा तिच्यावर फार जीव जडला. ती कप्तानाला दर दोन वाक्यांमागं ‘का?’ विचारायची, ते त्याला आवडायचं.

रविवारी सकाळी मालिकेच्या मराठी चाहत्यांचा गट फोनवर जमायचा. नांदेडची पल्लवी, परभणीचा बंटी, आणखी दहा-पंधरा जण. कुठला सोबती भारी, कुणी जहाज सोडायला नको होतं, यावर तास तास भांडणं चालायची. प्रभू बोलायला लागला की सगळे गप्प बसून ऐकायचे. अंगणातून येता-जाता लोक ज्याची कीव करत, त्याचं तिथं मत विचारलं जायचं.

शेवटचा भाग आला त्याच आठवड्यात दोघं नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेले होते. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलले, भीमराजनं बाहेर बाकावर बसून प्रभूला सांगितलं. गेलेली नजर परत यायची नाही. डावीकडचा उजेड मात्र रोज थेंब टाकले तर टिकेल. प्रभू नुसता “बरं” म्हणाला. 

शुक्रवारी भीमराजनं घरी आधीच तो भाग बघितला. इल्मा मरत होती. जहाजाला आग लागते, सगळ्यांना बाहेर काढून ती आत राहते, आणि दार बंद होतं.

शनिवारी ओसरीवर भाग लावताना भीमराजनं प्रभूच्या उतरलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि ऐन त्या जागी गोष्टच बदलली. त्यानं आवाज बारीक केला. इल्मा वेळेवर बाहेर पडली, म्हणाला. एका हिरव्या ग्रहावर उतरली, तिथं तिनं स्वतःची भट्टी टाकली.

“भट्टी?” प्रभूचा चेहरा उजळला. “मोठी हाय का?”

“मोठी हाय. गिऱ्हाईकांची रांग लागलीय,” भीमराज म्हणाला. एकदा सुरुवात केल्यावर त्याला थांबता येईना.

रविवारी गट जमला. भीमराज शाळेच्या पेपरांत गुंतला होता, त्याला उशीर झाला. तो फोनवर आला तेव्हा प्रभू रंगात येऊन बोलत होता. “एवढ्या तकलीफीतून गेली बाई, पर शेवटी सोताच्या भट्टीवर बसली. लई बरं झालं.”

 मग बंटी हसला. “प्रभूकाका, कोणता भाग बघितला तुमी? ती तर मेली ना!”

“बंटी, गप,” पल्लवी म्हणाली.

भीमराजनं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्याआधी प्रभूचा आवाज आला, अगदी शांत. “मग माजंच ऐकण्यात चुकलं असंल.” आणि तो गटातून बाहेर पडला.

भीमराज तसाच उठून सिद्धेश्वरला गेला. प्रभू खाटेवर होता. त्याची लेक साधना दारात तांदूळ निवडत बसली होती.

“कशी मेली ते सांग,” प्रभू म्हणाला.

भीमराजनं सांगितलं. आग, दार, सगळं. 

“चांगलं मरण व्हतं की रे,” प्रभू म्हणाला. “काहून दडवलंस माज्यापासून? मी काय लेकरू हाय?” मग त्यानं विचारलं, “आता सांगून राहिला ते तरी खरं का?”

“खरं हाय. शपथ.”

“आनि डॉक्टर म्हनला ते?”

“प्रभू, ते अक्षरन् अक्षर खरं हाय.”

प्रभूनं मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. चार-सहा दिवसांनी साधनाचा फोन आला. “काका, बाबा थेंब टाकू देईनात. म्हणतेत, डावा डोळा बी जानारच हाय, भीमानं नुसतं मन राखलं माजं.”

भीमराजनं समजावून बघितलं, रागावून बघितलं. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावून, हात जोडून, प्रभूशी मराठीत बोलायला लावलं. त्यांनी तेच सांगितलं. तेव्हा कुठं थेंब पुन्हा सुरू झाले. मधल्या दिवसांत किती उजेड कमी झाला, ते प्रभूनं कधी सांगितलं नाही. भीमराजला विचारायचा धीर झाला नाही.

पल्लवीनं आग्रह करून प्रभूला गटात परत आणलं. बंटीनं माफी मागितली, त्यालाही प्रभूनं हसत माफ केलं. मालिकेचं नवं पर्व आलं, नवा सोबती आला. आता खालची अक्षरं साधना वाचते. बारावीची पोरगी, इंग्रजी शब्दाला अडखळते, मागं जाऊन पुन्हा वाचते. प्रभू तेवढा वेळ थांबतो.

भीमराज शनिवारी अजून जातो. चहा होतो, कालव्याच्या पाण्याच्या, मेंढरांच्या गोष्टी होतात. प्रभू कधी वाकडं बोलत नाही. परवा दोघं ओसरीवर बसले असताना भीमराजला वाटेवर साधना दिसली, कॉलेजातून येताना.

“साधना आली,” तो म्हणाला.

प्रभूनं मान वळवून वाटेकडं कान दिला. पायऱ्यांवर लेकीच्या चपला वाजल्यावरच त्यानं तिला हाक मारली.